विमानाचा जनक कोण? माझं मत सांतोस-द्युमों

रणजित: ब्राझीलमध्ये हा प्रश्नच पडत नाही, तिथे उत्तर एकच: आल्बेर्तो सांतोस-द्युमों. मलाही तेच पटतं. २३ ऑक्टोबर १९०६ला पॅरिसच्या बागातेल मैदानात, भर गर्दीसमोर, त्याचं '१४-बिस' हे विमान स्वतःच्या चाकांवर धावत हवेत गेलं. १२ नोव्हेंबरला तर २२० मीटर! राइट बंधूंना रूळ लागायचे, वजन खाली पाडून यान पुढे फेकणारा मनोरा लागायचा.

मीनल: साफ असहमत. १७ डिसेंबर १९०३ला अमेरिकेतल्या किटी हॉकला राइट बंधू पहिल्यांदा उडाले तेव्हा मनोरा नव्हताच, तो १९०४मध्ये आला. त्या दिवशीचं शेवटचं उड्डाण ५९ सेकंदांचं होतं. ऑक्टोबर १९०५ला विल्बर राइट ३९ मिनिटं गोल घिरट्या घालत होता. हवेत वळता येणं हीच खरी विद्या, आणि १४-बिस सरळ रेषेच्या पुढे गेलं नाही. १९०८ला विल्बरने फ्रान्समध्येच वळणं घेऊन दाखवली तेव्हा तिथल्या वैमानिकांनीही मान्य केलं.

सुधाकर: १९०६वरच का अडलात? माझ्या लेखी सांतोस-द्युमोंचं मोठं काम १९०१चं. ऑगस्टमध्ये त्याच्या हवाई जहाजातला, म्हणजे इंजिनाने चालणाऱ्या मोठ्या फुग्यातला, हायड्रोजन गळायला लागला, ते एका हॉटेलवर आदळून फाटलं आणि हा भिंतीशी लटकत राहिला. अग्निशामक दलाने दोर टाकून वर ओढला. पठ्ठ्याने लगेच नवं जहाज बांधायला घेतलं आणि १९ ऑक्टोबरला पॅरिसजवळच्या सां-क्लूहून निघून आयफेल टॉवरला वळसा घालून परत आला. एक लाख फ्रँकचं बक्षीस मिळालं, ते पॅरिसच्या गरिबांत आणि आपल्या कामगारांत वाटून टाकलं.

रणजित: अगदी. आणि 'द्मुआझेल' या छोट्या विमानाचे आराखडेही त्याने खुले ठेवले, ज्याला हवं त्याने बांधावं. राइट मात्र करार झाल्याशिवाय यान दाखवायला तयार नव्हते.

मीनल: औदार्य मान्य, पण त्याने क्रम बदलत नाही. शिवाय तो कॉफीच्या मळ्यांचा वारस, त्याला फुकट वाटणं परवडलं. सायकलच्या दुकानाच्या कमाईवर विमान बांधणाऱ्या राइट बंधूंनी पेटंट घेतलं तर ते लोभी कसे?

रणजित: मीनलताई, पेटंटला माझी हरकत नाही, खटल्यांना आहे. कर्टिससारख्या अमेरिकी विमान बांधणाऱ्या माणसाला त्यांनी वर्षानुवर्षं कोर्टात अडकवलं. शेवटी १९१७ला, युद्ध दारात आल्यावर, अमेरिकी सरकारला पुढाकार घेऊन सगळ्यांची पेटंटं एकत्र आणावी लागली.