गोतावळा ग्रुप : दिवाळीचा तो कार्यक्रम

(आमच्या घरच्या ग्रुपवरची गेल्या आठवड्यातली चर्चा. शुभ सकाळची फुलं आणि मावशीने चुकून तीनदा पाठवलेला लाइट बिलाचा फोटो तेवढा वगळलाय.)

*शनिवार*

आप्पाकाका: दूरदर्शनवाल्यांचं वेव्हज नावाचं ॲप आहे, माहितीय का कोणाला? २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं म्हणे. मला आत्ता कळतंय. काल रात्री दीडपर्यंत शोधत बसलो. आपला दिवाळीचा कार्यक्रम काही हाती लागला नाही.

सुमाआत्या: कुठला रे?

आप्पाकाका: अगं तो! वरळीहून व्हायचा. स्टुडिओत पुठ्ठ्याचा किल्ला केला होता आणि मावळे खरे, आकाराने किल्ल्याएवढेच. आपण सगळे हॉलमध्ये, शेजारचे दारात. नाना चकलीचा डबा मांडीवर घेऊन.

आई: तो ८६ सालचा. हा मांडीवर होता माझ्या, पाच-सहा महिन्यांचा.

आप्पाकाका: वहिनी, ८५. मांडीवर थोरला होता, आणि चांगला दोन वर्षांचा होता. त्याने मावळ्याला बघून भोकाड पसरलं होतं.

आई: थोरला कशालाच रडायचा नाही.

पिंट्या: आप्पामामा, ते लोक याची डीव्हीडी का नाही काढत? म्हणजे डीव्हीडी प्लेयर तरी आता कोणाकडे असणार म्हणा.

आप्पाकाका: माझ्याकडे आहे. आणि चालू आहे. रामायणाचा संच आहे, महाभारताचा आहे, मालगुडी डेजचाही आहे. आता आपलं ‘चिमणराव’ बघ. प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. अख्खा संच काढा म्हणावं, दुकान उघडायच्या आधी मी बाहेर उभा. ‘गजरा’ काढा. किती वर्षं म्हणतोय मी हे.

सुमाआत्या: टेपा पुसल्या म्हणतात ना पण?

मी: आत्या, पुन्हा पुन्हा वापरल्या असं तिथले जुने लोक सांगतात. पण हे जगभर झालंय. तेव्हाची स्टुडिओतली टेप दोन इंच रुंद, वजनाला धोंडा आणि महाग. कार्यक्रम लागला, संपला, तो परत कोण बघणार, असाच विचार. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकात ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग असेच घालवले. परदेशातल्या केंद्रांना विकायला फिल्मवर प्रती काढल्या होत्या म्हणून काही वाचले. २०१३ मध्ये त्यांतले ९ हरवलेले भाग नायजेरियातून मिळाल्याचं जाहीर झालं. आणि नासाने तर चंद्रावर माणूस उतरला त्याच्या मूळ टेपांवर दुसरं काहीतरी रेकॉर्ड केलं. ते त्यांनीच २००९ मध्ये कबूल केलं.

आप्पाकाका: नासाने?? मग वरळीला कशाला बोल लावायचे.

मंजूवहिनी: आप्पाकाका, टेप धडधाकट सापडली तरी घोडं पुढे अडतं. टेप दूरदर्शनची, पण टेपेत जे आहे ते सगळं दूरदर्शनचं नसतं. तुमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात समजा पाच गाणी आहेत. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, मूळ रेकॉर्ड कंपनीची. प्रहसन लिहिणारा वेगळा. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचे कलाकार म्हणून हक्क वेगळे, ते ५० वर्षं. आणि तेव्हाच्या करारात काय असणार? प्रक्षेपण, फार तर पुनःप्रक्षेपण. डीव्हीडी आणि मोबाईल लिहायला कोणाला स्वप्न पडलं होतं? मग आता प्रत्येकाला, नाहीतर त्याच्या वारसांना शोधा, सह्या घ्या. एक जण अमेरिकेत, एकाचे तीन मुलगे एकमेकांशी बोलत नाहीत. मी ऑफिसात हेच करते, म्हणून सांगते.

आप्पाकाका: इतकी वर्षं झाली, आता कसले हक्क?

मंजूवहिनी: नुसत्या प्रक्षेपणाचा हक्क २५ वर्षांचा, तो संपला. पण लेखनाचा हक्क लेखक गेल्यानंतर ६० वर्षं चालतो. तुमच्या चिमणरावाचंच घ्या. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या कथा १ जानेवारी २०२४ पासून सगळ्यांच्या. पण मालिकेची संहिता वेगळी, चित्रीकरण वेगळं. कथा मोकळ्या, मालिका अजून कागदांत.

सुमाआत्या: मग गाणी कापून बाकीचं द्या म्हणावं.

आप्पाकाका: दिवाळीचा कार्यक्रम गाणी कापून? शेंगदाणे वेचून काढलेला चिवडा कोण खाईल.

मंजूवहिनी: अमेरिकेत तसं केलंय. डब्ल्यूकेआरपी म्हणून एक मालिका होती, रेडिओ स्टेशनवरची. गाण्यांचे पैसे परवडेनात, म्हणून डीव्हीडीत त्या जागी भलतंच संगीत घातलं. इतकी वर्षं वाट बघणारे प्रेक्षक असे चिडले!

पिंट्या: स्टार वॉर्सचा पण एक टीव्ही स्पेशल आहे. १७ नोव्हेंबर १९७८ ला एकदाच लागला, कंपनीने आजपर्यंत विकायला काढला नाही. तरी सगळ्यांनी पाहिलाय. कारण तेव्हा ज्यांच्या घरी व्हीसीआर होता त्यांनी टेप केला होता.

आई: अरे मग आपल्याकडे पण केला होता की! माळ्यावर नानांचा खोका आहे.

(इथे ग्रुपवर चार मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही. आमच्या घरात हे क्वचित होतं.)

आप्पाकाका: खोका टाकला नाहीत?????

*रविवार*

मी: उतरवला. १४ कॅसेट. पाचांवर लेबलच नाही. एकीवर ‘मॅच’ एवढंच, कुठली कोण जाणे. आणि एक दिवाळीची आहे. पण आप्पाकाका, आधी बसून घ्या.

आप्पाकाका: बसलेलोच आहे. बोल.

मी: लेबलवर तुमच्या अक्षरात ‘दिवाळी टीव्ही, तिन्ही दिवस. पुसू नये’. त्यावर निळ्या पेनने काट. खाली नानांच्या अक्षरात ‘सुमा साखरपुडा’.

पिंट्या: आईईई

सुमाआत्या: माझा??

आप्पाकाका: शक्यच नाही. मी स्वतः स्क्रूड्रायव्हरने कॅसेटच्या कडेचा तो प्लास्टिकचा तुकडा मोडला होता, वरून रेकॉर्ड होऊ नये म्हणून.

मी: मोडलेला आहे. त्या खाचेवर नानांनी सेलोटेप लावलीय. दोन पदरी. पिवळी पडलीय, पण अजून सुटली नाहीये.

आई: आता आठवलं. कॅमेरावाला एक कॅसेट कमी घेऊन आला होता आणि रविवार, दुकानं बंद. नाना आत गेले आणि एक काढून घेऊन आले. बाहेर येताना म्हणाले, आप्प्याला सांगू नका.

आप्पाकाका: आणि तुम्ही चाळीस वर्षं सांगितलं नाहीत.

आई: भावोजी, त्यांनीच सांगितलं होतं सांगू नका म्हणून.

मी: काल आपण बीबीसीला काय काय बोललो ते वर स्क्रोल करून वाचा सगळ्यांनी.

पिंट्या: दादा, कॅसेट कुठल्याही मशीनमध्ये घालू नकोस हं लगेच. झडप उचलून बघ, टेपेच्या कडेला पांढरं दिसतंय का?

मी: दिसतंय. पीठ भुरभुरल्यासारखं, एकाच बाजूला.

पिंट्या: बुरशी. तशीच लावलीस तर मशीनच्या हेडवर बसणार, मग त्यात घातलेल्या प्रत्येक कॅसेटला लागणार. वर टेपही तुटू शकते. कोरड्या जागी उभी ठेव, साफ करून कॉपी करणाऱ्या माणसाकडेच दे. आणि लवकर. व्हीएचएसची मशीनं बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने २०१६ मध्येच काम बंद केलं. आता जी आहेत ती एकमेकांचे पार्ट काढून चालवतात.

सुमाआत्या: कुठल्याही दुकानात नको देऊस रे. मागे एकाकडे आमच्या लग्नाची दिली होती, त्याने टेप चुरगाळून पिशवीत घालून परत दिली. वर पैसेही घेतले.

*गुरुवार*

मी: झाली कॉपी. आत्या, तुझा साखरपुडा २ तास ११ मिनिटं. चित्र थोडं हिरवट आहे, आवाज चांगला. आप्पाकाका पूर्ण वेळ सफारीत.

सुमाआत्या: आपली आई दिसते का रे त्यात?

मी: दिसते. १ तास ४ मिनिटांवर, ओटीचं ताट घेऊन येते आणि कॅमेऱ्याला हाताने बाजूला हो म्हणते.

सुमाआत्या: तेवढं कापून पाठव आधी. बाकीचं नंतर.

मी: पाठवतो. पण पुढचं ऐका. साखरपुडा संपतो, पडद्यावर मुंग्या येतात. मी बंद करणार होतो. तेवढ्यात चित्र दोनदा वर पळालं आणि स्थिर झालं. समोर पुठ्ठ्याचा किल्ला.

आप्पाकाका: काय सांगतोस!

मी: नानांचं रेकॉर्डिंग जिथे थांबलं, त्याच्या पुढची टेप पुसलीच गेली नव्हती. तुमच्या तिसऱ्या दिवसाचं शेपूट शिल्लक आहे. ६ मिनिटं.

आप्पाकाका: काय आहे त्यात? सांग सांग.

मी: एका गाण्याची शेवटची ओळ. मावळे हात हलवतात, एकाची मिशी सुटलीय. मग निवेदिका काहीतरी म्हणायला तोंड उघडते आणि ‘व्यत्यय’ची पाटी. पावणेतीन मिनिटं नुसती पाटी.

पिंट्या: ४० वर्षं जपलेला व्यत्यय!

आप्पाकाका: मीच चालू ठेवलं होतं. बंद करायला उठलो आणि तेवढ्यात सुरू झालं तर? पुढे?

मी: पुढे थेट श्रेयनामावली.

मंजूवहिनी: ती मला पाठव! कामाची गोष्ट ती आहे. आप्पाकाका, ‘दिवाळीचा तो कार्यक्रम’ म्हणून कोणाला पत्र लिहिलंत तर कोण शोधणार? निर्माता, लेखक, संगीत ही नावं हवीत आणि तारीख. माहितीच्या अधिकारात अर्ज करू. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रसार भारतीला हा कायदा लागू आहे. टेप आहे की नाही एवढं तरी कळेल. काढा म्हणून नंतर मागे लागू.

आप्पाकाका: तोपर्यंत ही ६ मिनिटं यूट्यूबवर टाकूया का? लोक वेडे होतील.

मंजूवहिनी: घरात बघा हवं तितकं. टाकू नका. त्यात गाणं आहे.

आप्पाकाका: एक ओळ!

मंजूवहिनी: तरीही.

मी: नावं सात वाचता येतात. नेपथ्यवाल्याचं नाव आधी सरकतं, मग फाटतं. थांबवून थांबवून पाहिलं, अर्धंच लागतं.

आई: ते राहू दे. साल काय लिहिलंय?

मी: शेवटी ‘निर्मिती : दूरदर्शन केंद्र, मुंबई’ वर येतं, त्याच्याखाली पुढची ओळ यायला लागते आणि कॅसेट संपते.

आई: ८६ च असणार.

आप्पाकाका: मंजू, अर्जात ८५ लिही.

मंजूवहिनी: दोन्ही लिहिते.