गोळीची आठवण रात्री वाजत नाही, आणि कळण्याची भाकरी अ‍ॅपात सापडत नाही

प्रश्न (यावल): वडिलांना बीपीची गोळी दोनदा आहे. आरोग्याचं अ‍ॅप गोळीसाठी सकाळी वाजतं, रात्री गप्प. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीच्या कॅलरी कशा मोजायच्या? बोट कॅमेऱ्यावर ठेवून बीपी कळतं का?

उत्तर (भुसावळ): फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारं अ‍ॅप बंद करतो. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ते अ‍ॅप, बॅटरी, तिथे 'अनिर्बंध' निवडा. 'ऑटोस्टार्ट' (अ‍ॅप आपोआप सुरू होणं) असेल तर चालू करा. 'डू नॉट डिस्टर्ब' (फोनचे आवाज बंद ठेवणारी सोय) रात्री आपोआप लागत असेल तर अ‍ॅपला त्यातून सूट द्या. तरीही फोनच्या घड्याळात साधा गजर लावाच, भाऊ. गोळी चुकायला नको.

उत्तर (धुळे): बोटावरून फक्त नाडी कळते, फ्लॅशच्या उजेडात बोटातलं रक्त कमीजास्त होताना बदलणारा रंग मोजून. बीपीला दंडाचा पट्टाच हवा. चहानंतर अर्धा तास थांबा, 5 मिनिटं पाठ टेकून बसा, दंड छातीच्या पातळीवर. 1 मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे अ‍ॅपात भरा. घरची सरासरी 135/85 च्या वर राहिली तर डॉक्टरांना ती नोंद दाखवा. गोळी स्वतः कमीजास्त करू नका.

उत्तर (चोपडा): भाकरी नव्हे, कोरडं पीठ वजन करा. ज्वारी-उडदाच्या 100 ग्रॅम पिठाला साधारण 330 कॅलरी. 80 ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे 265 च्या आसपास. 'माझी पाककृती'त एकदा भरून ठेवा. खरी चूक सोबतच्या भरताच्या तेलात होते: एक मोठा चमचा, 15 मिली, म्हणजे सुमारे 120. बीपी असल्याने शेवेचं आणि पापडाचं मीठही लिहा, अ‍ॅप ते विचारत नाही.