मदत हवी आहे: टीबीच्या औषधांसाठी यकृताच्या कोणत्या पेशी वापराव्यात?

नमस्कार मंडळी. मी नांदेडला पीएचडी करते. विषय आहे टीबीच्या गोळ्यांमुळे यकृताला होणारी इजा. हिंगोलीच्या माझ्या मावशीला याच गोळ्यांनी कावीळ झाली, उपचार मधेच थांबवावे लागले. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

अडचण अशी की हेप-जी-टू या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृतपेशींना आयसोनियाझिड हे टीबीचं औषध 24 तास दिलं, एमटीटी (किती पेशी जिवंत आहेत ते दाखवणारी चाचणी) केली, तर पेशी ठणठणीत! डोस वाढवला तरी विशेष फरक नाही. या पेशी यकृताच्या गाठीतून आलेल्या, औषध फोडणारी सायटोक्रोम पी-450 एन्झाइम्स त्यांच्यात फार कमी. आणि घातक असतात ते औषध फुटून बनणारे पदार्थ. पॅरासिटामॉलचंही तसंच, इजा करतं ते त्यापासून तयार होणारं नॅपक्वी.

माणसाच्या ताज्या यकृतपेशी सर्वांत चांगल्या, पण आमच्या बजेटबाहेर. शिवाय सपाट डिशमध्ये काही दिवसांतच आपलं काम विसरतात. उरल्या दोन वाटा: हेपाआरजी (ही एन्झाइम्स जास्त असलेल्या दुसऱ्या प्रकारच्या यकृतपेशी), किंवा हेप-जी-टूचेच स्फेरॉइड, म्हणजे पेशींचे छोटे त्रिमितीय गोळे, करून 14 दिवस रोज थोडा थोडा डोस. मला दुसरी झेपेल असं वाटतं, कारण रुग्णही गोळ्या महिनोन् महिने घेतो.

कुणी अगारोजवर (पेशी चिकटू न देणाऱ्या जेलवर) स्फेरॉइड केलेत का? मधला भाग मरू नये म्हणून आकार किती ठेवलात? हेपाआरजीला लागणारं 2 टक्के डीएमएसओ (एक द्रावक) निकाल बिघडवतं का? आणि उन्हाळ्यात इथं लाइट सारखी जाते, तेव्हा इन्क्युबेटर कसा सांभाळता?

अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.