मदत हवी आहे: स्पीच थेरपीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ४० लाखांचे कर्ज काढावे का?

नमस्कार.

मी बडोद्याची. श्रवण आणि वाक्-भाषा उपचाराची चार वर्षांची पदवी (बीएएसएलपी) पूर्ण करून, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी घेऊन, गेली दीड वर्षे येथील एका खाजगी थेरपी केंद्रात काम करत आहे. दरमहा २४,००० रुपये मिळतात. अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला आहे आणि तो स्वीकारणार की नाही, हे १५ एप्रिलपर्यंत कळवायचे आहे. घरात सर्वांना आनंद झाला आहे. मला मात्र गेले तीन आठवडे नीट झोप नाही, आणि त्याचे कारण पैसा हेच आहे.

दोन वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च मिळून विद्यापीठाने ६८,००० डॉलरचा अंदाज दिला आहे. डॉलर ८८ रुपये धरला तर हे जवळजवळ ६० लाख होतात. त्यांतले २० लाख बाबा त्यांच्या भविष्य निर्वाह निधीतून देणार आहेत. ती त्यांची निवृत्तीची बहुतेक सारी पुंजी आहे. उरलेले ४० लाख कर्ज. साडेसात लाखांच्या वर तारण लागते, असे बँकेने स्पष्ट सांगितले आहे, आणि तारण ठेवण्यासारखे आमच्याकडे एकच आहे: आजोबांनी घेतलेले दांडिया बाजारातील घर. ते आता बाबा आणि काका यांच्या नावावर आहे. काकांना विचारायला बाबा दोन दिवस कचरत होते. काकांनी मात्र ऐकता क्षणी "पोरीच्या शिक्षणासाठी नाही तर घर कशासाठी?" असे म्हणून होकार दिला. त्या होकाराचे ओझे मला कर्जापेक्षा जड वाटते.

हिशेब मी स्वतः मांडला आहे. चूक असेल तर कृपया दाखवावी. व्याजदर साडेदहा टक्के. निम्मी रक्कम आता आणि निम्मी दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला उचलली, आणि शिक्षणाची दोन वर्षे व त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरला नाही, तर सरळ व्याजानेच साडेदहा लाख साचतात. म्हणजे परतफेड सुरू होईल तेव्हा मुद्दल साडेपन्नास लाख झालेले असेल आणि पंधरा वर्षांच्या मुदतीला दरमहा सुमारे ५५,८०० रुपयांचा हप्ता बसेल. एकूण भरणा एक कोटीच्या थोडा वर जातो.

अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये या व्यवसायाचे मध्यक वार्षिक वेतन ९५,४१० डॉलर होते. त्या पगारातून महिना सुमारे ६३५ डॉलरचा हप्ता भरणे शक्य आहे. पण तिथे राहता आले नाही आणि मी बडोद्याला परत आले, तर आजच्या पगाराच्या दुपटीहून मोठा हप्ता समोर असेल. पगार दुप्पट झाला तरी तो पुरणार नाही. कर्ज रुपयांत आहे, पण ते फेडण्याची ताकद फक्त डॉलरमध्ये आहे, आणि ती डॉलरची कमाई व्हिसावर अवलंबून आहे.

मग जायचेच कशाला, असे कोणी विचारील. आमच्या केंद्रात उशिरा बोलणारी मुले, उच्चारांचे दोष आणि अडखळत बोलणे यांवर चांगले काम होते. पण पक्षाघातानंतर ज्यांना गिळता येत नाही असे रुग्ण येतात, तेव्हा घास कुठे अडकतो आहे, श्वासनलिकेत जातो आहे का, हे बाहेरून गळ्याला हात लावून आणि खोकल्यावरून ताडण्यापलीकडे माझ्या हाती काही नसते. क्ष-किरणांखाली किंवा नाकातून दुर्बीण घालून गिळण्याची तपासणी करण्याचे शिक्षण मला हवे आहे. एका आजोबांना मी पातळ पदार्थ सुरू करण्याचा सल्ला दिला आणि आठ दिवसांत ते न्यूमोनियाने रुग्णालयात गेले. ते बरे झाले. पण माझ्या सल्ल्यामुळेच तसे झाले का, हे मला आजही ठाऊक नाही, आणि असे अंधारात काम करत राहणे मला जमणार नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. माझ्याकडे मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा आहेत, आणि बडोद्यात त्या चारही कामी येतात. घरी मराठी, अंगणात गुजराती आणि शाळेत इंग्रजी ऐकणाऱ्या चार वर्षांच्या मुलाच्या आईला कोणीतरी "घरातली मराठी बंद करा, म्हणजे मूल लवकर बोलेल" असे सांगितलेले असते. अनेक भाषा कानावर पडल्यामुळे बोलण्यात दोष निर्माण होत नाही, हे त्या आईला तिच्याच भाषेत समजावणारी मी असते. वाचाघात (मेंदूला इजा होऊन भाषा हरपणे) झालेल्या एका दुकानदार काकांना घरची मराठी आठवत नव्हती, पण गुजराती आकडे पहिल्या आठवड्यातच परत आले. त्या आकड्यांना धरूनच आम्ही पुढे सरकलो. माझे हे भांडवल तिकडे फारसे उपयोगी पडणार नाही, आणि कर्ज मला किमान दहा-पंधरा वर्षे तिकडेच बांधून ठेवील.

म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेची प्रवेशपरीक्षा मी गेल्या वर्षी दिली होती, प्रतीक्षायादीपर्यंतच पोचले. ती पुन्हा देता येईल. मुंबईच्या अली यावर जंग संस्थेचाही पर्याय आहे. तिथे तारणाचा प्रश्नच येणार नाही. या मार्गाने गेलेल्यांनी, तसेच कर्ज काढून परदेशी गेलेल्यांनी, विशेषतः परत आलेल्यांनी, आपला अनुभव लिहावा अशी विनंती आहे. घर तारण ठेवण्याइतका हा धोका घेण्याजोगा आहे का?

प्रतिसाद १

मी मूळची ग्वाल्हेरची. गेली नऊ वर्षे अमेरिकेत शाळांमध्ये स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. तुमचा हिशेब बरोबर आहे. पण व्हिसाचा भाग तुम्ही एका वाक्यात आटोपला आहे, आणि खरा धोका तिथेच आहे.

पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर बारा महिने काम करता येते. अभियंत्यांना मिळणारी आणखी चोवीस महिन्यांची वाढ आपल्या विषयाला नाही. त्या बारा महिन्यांतच क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखालचे काम, करावी लागते: किमान ३६ आठवडे आणि १,२६० तास. म्हणजे नोकरी मिळायला दोन महिने लागले, तर हाती दोन महिन्यांहूनही कमी वेळ उरतो. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. वर्षाला ८५,००० जागा, आणि त्यात संगणकवाल्यांची गर्दी. तुम्ही देशाबाहेर असताना कोणी नवा अर्ज केला, तर सप्टेंबर २०२५ च्या आदेशानुसार त्या मालकावर १ लाख डॉलरचा भार पडतो. कोणतीही शाळा तो उचलणार नाही. तेव्हा एकदा परत आल्यावर पुन्हा जाण्याची आशा धरू नका. परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांना ग्रीन कार्डासाठी श्रम-प्रमाणपत्रातून (स्थानिक उमेदवार मिळत नाही, हे मालकाने सिद्ध करण्यातून) जी सूट आहे, तीही आपल्याला नाही. अनेकजणी या सर्वांना एकाच मापाने मोजतात आणि फसतात.

एक वाट मात्र आहे. विद्यापीठे आणि त्यांच्याशी संलग्न असलेली ना-नफा रुग्णालये या सोडतीच्या मर्यादेबाहेर आहेत. गिळण्याच्या तपासणीचे काम मुख्यतः रुग्णालयांतच चालते, म्हणजे तुमची आवड आणि ही वाट जुळतात. म्हणून विद्यापीठाला दोन गोष्टी लेखी विचारा. मागील तीन वर्षांत किती परदेशी विद्यार्थ्यांना फेलोशिप मिळाली, आणि त्यांपैकी किती रुग्णालयांत होत्या? फी माफ होईल अशी सहायकाची जागा आहे का? आणखी एक: प्रत्यक्ष सरावाच्या आवश्यक ४०० तासांपैकी ३२५ तास पदव्युत्तर शिक्षणातच करावे लागतात. तुमच्या पदवीतले इंटर्नशिपचे वर्ष तिथे फारसे धरले जाणार नाही.

प्रतिसाद २

मी बँकेतून निवृत्त झालो; शैक्षणिक कर्जाच्या फायली बरीच वर्षे हाताळल्या आहेत. शिक्षणाच्या काळात व्याज साचू देऊ नये. पहिल्या वर्षी ते महिना १७,५०० आणि दुसऱ्या वर्षापासून ३५,००० रुपये होईल. सगळे भरले तर परतफेडीचा हप्ता ५५,८०० ऐवजी ४४,२०० च्या आसपास येईल, आणि या काळात व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूटही देतात. पण वडिलांचे निवृत्तिवेतन ३५,००० सोसू शकते का, हे आधी पाहावे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळणारी प्राप्तिकराची वजावट जुन्या करपद्धतीतच आणि भारतात करपात्र उत्पन्न असेल तरच उपयोगाची. तुम्ही अमेरिकेत कमावत असाल तर ती हिशेबात धरू नये.

काकांविषयी थोडे स्पष्ट लिहितो, राग मानू नये. त्यांचा होकार प्रेमाचा आहे, परंतु हप्ते थकले तर बँकेची नोटीस त्यांच्याही नावाने येईल. परत यावे लागल्यास काय होईल, तो आकडा त्यांना दाखवूनच सही घ्यावी. तसेच कर्जाच्या रकमेइतका तुमचा मुदतीचा जीवन विमा असल्याशिवाय घराची कागदपत्रे बँकेत देऊ नयेत.

प्रतिसाद ३

ब्रिटनचा विचार केला आहे का? तेथील आरोग्य व्यवसायांच्या नोंदणी परिषदेकडे, म्हणजे एचसीपीसीकडे, भारतीय पदवी आणि कामाचा अनुभव यांवर थेट अर्ज करता येतो. तिथली पदवी घ्यावीच लागते असे नाही. स्पीच थेरपिस्टांसाठी इंग्रजीची अट मात्र कडक आहे: आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ८ आणि कोणत्याही भागात साडेसातच्या खाली नाही.

धागाकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्रीच विद्यापीठाला पत्र लिहून दोन्ही प्रश्न विचारले, आणि सहायकाची जागा या वर्षी नसल्यास प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, हेही विचारले. तसे झाले तर मधल्या काळात म्हैसूरची परीक्षा पुन्हा देईन. ब्रिटनचा पर्याय माझ्या मनातच आला नव्हता. त्याची माहिती काढते आहे.

बँकेतील काकांनी लिहिलेले आईने मोठ्याने वाचून दाखवले आणि बाबा बराच वेळ गप्प होते. ३५,००० रुपये त्यांच्या निवृत्तिवेतनातून निघणार नाहीत. १७,५०० कसेबसे निघतील. रविवारी काका घरी येणार आहेत, तेव्हा दोन कागद त्यांच्यासमोर ठेवणार आहे: एक अमेरिकेतील पगाराचा आणि एक बडोद्यातील. फी माफ न होता कर्ज ४० लाखच राहणार असेल, तर मी त्यांची सही मागणार नाही, एवढे ठरवले आहे. कर्ज २० लाखांपर्यंत खाली आले, तर हप्ता सुमारे २८,००० होतो. परत आल्यावर बडोद्यात तेवढा फेडता येईल का, यावर येथील रुग्णालयांत किंवा स्वतःच्या केंद्रात काम करणाऱ्यांनी कृपया लिहावे.