अंगावरून पांढरं जातंय, म्हणून पिशवी काढायची?

बालाघाट: केज-धारूरकडच्या ऊसतोड बायकांना "पांढरं जातंय, कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका" असं सांगितलं जातं. दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्याआधी गावात गर्भाशयमुखाची तपासणी ठेवायची आहे. कुठली ठेवावी? पिशवी काढणं खरंच कधी लागतं?

सिस्टर_लातूर: नुसतं पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकदा जंतुसंसर्ग असतो, औषधानं जातो. कधी नवऱ्यालाही गोळ्या द्याव्या लागतात. खरी भीती संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त गेलं तर, पाळी कायमची थांबल्यावर परत दिसलं तर, किंवा घाण वासाचं लालसर पाणी जात असेल तर. अशा बाईला शिबिरापर्यंत थांबवू नका, थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या.

बाकी ३० च्या पुढच्यांना व्हीआयए, म्हणजे ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी गर्भाशयमुख बघायची तपासणी. मुखावर ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावायचं आणि पूर्ण एक मिनिट थांबायचं. रांग मोठी म्हणून घाई केली की पांढरा डाग उमटायच्या आतच "निगेटिव्ह" लिहिलं जातं. पाळीत तपासू नये. पन्नाशीनंतर मुखाची जी कडा बघायची ती आत सरकते, दिसत नाही, तिथे व्हीआयए भरवशाची नाही.

धाराशिवकर: जमलं तर एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणीच ठेवा. आपल्याच धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १,३१,००० बायकांवर अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. व्हीआयएच्या गटात तसा ठोस फरक दिसला नाही. नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, त्यामुळे लाजेचा प्रश्न सुटतो. मात्र रिपोर्टला दिवस लागतात. शिबिर श्रावणातच उरका, नाहीतर रिपोर्ट येईल तेव्हा घराला कुलूप असेल.

रेडिओथेरपी_विभाग: पिशवीबद्दल. कॅन्सरपूर्व डाग असेल तर थर्मल ॲब्लेशननं मिनिटभरात जाळता येतो, मोठा असेल तर लीपनं, म्हणजे विजेच्या तारेनं, तेवढाच भाग काढतात. पिशवी जागेवर राहते. कॅन्सरची शंका असेल तर आधी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी. न तपासता साधी पिशवी काढली आणि आत कॅन्सर निघाला, तर पुढचे उपचार अवघड होतात. सोबत अंडाशयं काढली तर तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात, आणि त्याच अंगावर तिला मोळ्या वाहायच्या असतात.

आजार पुढे गेलेला असेल तर शस्त्रक्रिया नाही: सुमारे पाच आठवडे शेक (रेडिएशन), आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध, मग आतून शेक म्हणजे ब्रॅकीथेरपी. सगळं मिळून आठ आठवड्यांत संपवायचं. रक्त थांबलं की घरचे "बरी झाली" म्हणून घेऊन जातात, आतला शेक राहतो आणि गाठ परत येते. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा बार्शीला जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, सरकारी उपचार योजनेसाठी लागतात.