उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा: हे शॉप फ्लोअरवर कसं जमवायचं?

वाइंडिंगवाला, वडोदरा
मकरपुरा जीआयडीसीत ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात आहे. दिवाळीनंतर वाइंडिंग सेक्शन, म्हणजे तारेच्या कॉइल गुंडाळायचं काम, माझ्याकडे आलं. कंपनीनं आम्हा इनचार्ज लोकांना कोचिंगचं ट्रेनिंग दिलं. ग्रो मॉडेल: काय साधायचंय, सध्या कुठे आहोत, पर्याय कोणते, नक्की काय करणार. उत्तर देऊ नका, विचारा, हे तर दहादा सांगितलं. परवा आयटीआयचा नवा अप्रेंटिस विचारतो, टॅपिंग (कॉइलमधून मधेच बाहेर काढायचं टोक) कितव्या वेढ्यावर काढू? मी म्हटलं, तुला काय वाटतं? तो म्हणतो, "साहेब, मने खबर होत तो पूछत शुं काम?" म्हणजे माहीत असतं तर विचारलं कशाला असतं! सगळे हसले. कुणाला जमलंय का हे?

रावपुऱ्याचा
पोरगं बरोबर बोललं. 😀

दांडियाबाजार काका
पोरगं बरोबर आहे, आणि ट्रेनिंगही अगदीच फुकट नाही. तुमचे ते मॉडेल पुढे आणणारे सर जॉन व्हिटमोर पूर्वी मोटारशर्यतीत होते. शर्यतीत उतरणाऱ्याला क्लच कुठे असतो ते शिकवावं लागत नाही. त्याला विचारलं तर तो विचार करून सांगू शकतो. तुमच्या अप्रेंटिसला अजून क्लचच दाखवायचाय.

नवख्याला शिकवण्याची रीत वेगळी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं भराभर भरावी लागली, तेव्हा सुपरवायझरांना चार पायऱ्या शिकवल्या: त्याची तयारी करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, मग सोडा पण येऊन बघत राहा. तिसऱ्या पायरीवर तो करता करता बोलला पाहिजे, हे आता का केलंस ते सांगत. खरे प्रश्न तिथे. आणि वेढ्याचा आकडा ड्रॉइंगमध्ये असतोच ना? मग "तुला काय वाटतं" कशाला, "ड्रॉइंगमध्ये कुठे लिहिलंय, दाखव" म्हणा. पुढच्या खेपेला तो ड्रॉइंग घेऊनच येईल.

ग्रो ठेवा जुन्या वाइंडरसाठी, ज्याची कॉइल रेशो टेस्टला, म्हणजे वेढ्यांचं प्रमाण तपासताना, अडकते. मात्र उत्तर खिशात ठेवून विचारू नका, माणसाला लगेच वास येतो. विचारलंत की गप्प बसा. आपल्याला तेच जमत नाही. करंट चालू असताना मात्र कसले प्रश्न, ओरडायचंच.

अजून एक. हे सगळं गुजरातीत विचारा. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं, तिथे तांत्रिक विषयसुद्धा गुजरातीतून शिकवत. आपण मात्र पोरांना 'गोल' आणि 'ऑप्शन' विचारत बसतो.

अलकापुरी_एचआर
काकांशी सहमत, एक भर घालते. कोच तुम्ही व्हा, मेंटॉर नका होऊ. ज्याच्या हातात अप्रेझल आहे त्याच्याजवळ कुणी "मला हे काम झेपत नाही" असं बोलत नाही. पोराला टेस्टिंगमधला एखादा जुना माणूस जोडून द्या, आणि त्यांच्यात काय बोलणं झालं ते विचारू नका. आमच्याकडे मॅनेजरांना हे शेवटचंच सर्वांत जड जातं.

वाइंडिंगवाला, वडोदरा
काका, ड्रॉइंगचं उद्यापासूनच करतो. पण जुना वाइंडर माझ्याहून वयानं मोठा, मी त्याच्याच हाताखाली शिकलो. त्याला मी काय विचारणार?

दांडियाबाजार काका
त्याला अप्रेंटिस शिकवायला द्या. पोरगं "हे का?" म्हणेल, तेव्हा तुमचे अर्धे प्रश्न तेच विचारून टाकेल. बाकीचे चहाच्या वेळी विचारा, मशीनपाशी चारचौघांत नको.