धक्क्याने माणूस खरंच बदलतो का? माझं मत : नाही

कळवेकर

“तुम्हाला नवा जन्म मिळाला” हे वाक्य गेल्या तीन वर्षांत किती जणांच्या तोंडून ऐकलं, त्याला गणती नाही. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो म्हणून मान डोलावतो. पण ते मला पटत नाही, आणि का पटत नाही ते एकदा नीट मांडायचं होतं.

माझं वय ५२, राहायला कळव्याला, नोकरी मुंबईत. तीन वर्षांपूर्वी १४ जुलैला पहाटे छातीत दुखायला लागलं. मला ॲसिडिटी वाटली, बायकोला नाही वाटली. तिने भर पावसात रिक्षा थांबवली म्हणून आज हे लिहितोय. दोन स्टेंट पडले, चार दिवस आयसीयूत होतो.

धाकट्या भावाशी माझं गावच्या घराच्या वाटणीवरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. बातमी कळताच तो डोंबिवलीहून आला आणि रात्रभर आयसीयूबाहेर फरशीवर बसून राहिला. सकाळी त्याला आत सोडलं तेव्हा मी त्याचा हात धरून लहान मुलासारखा रडलो. म्हटलं, घर तू घे, मला काही नको. त्या क्षणी मनात तसूभर खोट नव्हती.

आठ महिन्यांनी वारसनोंदीच्या कागदावर सही करायची वेळ आली आणि मी सही केली नाही. पुन्हा बोलणं बंद.

दुसरी गोष्ट. सकाळी कळवा स्टेशनात येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून कित्येक जण रूळ ओलांडून कारशेडमध्ये जातात आणि तिथेच उभ्या गाडीत चढतात. तिथे फलाट नाही. खाली खडी, दरवाजाची दांडी छातीच्या वर, ती धरून अंग वर खेचायचं. हे पुन्हा करणार नाही, अशी शपथ मी आयसीयूत घेतली होती. पाचव्या महिन्यात मी त्याच दांडीला लोंबकळत होतो आणि शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेटची, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची, पट्टी होती.

म्हणून म्हणतो, धक्का माणसाला हलवतो, बदलत नाही. भूकंपानंतर भांडी थोडा वेळ किणकिणतात आणि मग फडताळात जिथल्या तिथे असतात.

मी बदललो असेन तर एका डब्यामुळे. चौदा खणांचा गोळ्यांचा डबा, आठवड्याच्या सकाळ-संध्याकाळचा. दर रविवारी जेवणं झाली की आम्ही दोघं तो भरायला बसतो. ती पट्टीतून गोळी काढते, मी खणात टाकतो. सुरुवातीला रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या होत्या, वर्षाने डॉक्टरांनी एक बंद केली. वीस मिनिटांचं काम. हात गुंतलेले असतात, टीव्ही बंद असतो, मग बोलणं होतं. लग्नाआधी ती जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळायची, हे मला चोवीस वर्षांच्या संसारानंतर डबा भरताना कळलं. माणसाकडे बघण्याची माझी नजर त्या वीस मिनिटांनी बदलली, तीही दर रविवारी थोडी थोडी.

तुमचा अनुभव काय? विरोधी मत असेल तर जरूर लिहा.

पाचपाखाडी

दादा, तुमचं दुखणं समजते, पण तुमचा निष्कर्ष मला साफ अमान्य आहे.

माझा मुलगा कॉलेजला जाताना कळवा आणि मुंब्र्याच्या मधल्या वळणावर गाडीतून पडला. दारात उभा होता, आत शिरायला जागाच नव्हती. त्याच पट्ट्यात ९ जून २०२५ ला दोन गाड्यांतून माणसं पडली आणि काही जणांचा जीव गेला, ती बातमी सगळ्यांनी वाचली असेल. मी ती पूर्ण वाचू शकले नाही. माझा मुलगा वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

त्या दिवसापर्यंत मी कशी आई होते, ते सांगते. दहावीला त्याला ९२ टक्के पडले तेव्हा पेढे आणायच्या आधी विचारलं होतं, “गणितात चार कुठे गेले?” तो उत्तर देत नसे, नखं खात असे. ही माझी पंधरा-सोळा वर्षांची सवय होती. आणि ती एका रात्रीत गेली. डॉक्टरांनी पाय काढायच्या संमतीचा कागद पुढे केला, मी सही केली, आणि “चार कुठे गेले” विचारणारी बाई त्या टेबलापाशीच संपली. सहा वर्षं झाली, परत आलेली नाही. मला कुठला डबा भरावा लागला नाही. कसला सराव करावा लागला नाही.

आता तो नोकरी करतो. रविवारी मी त्याचे बूट धुते. उजव्या बुटाला घामाचा वास येतो, डाव्याला येत नाही. पण धुते मी दोन्ही.

तुमच्या बाबतीत बदल टिकला नाही म्हणून तो कोणाच्याच बाबतीत टिकत नाही, असं कसं म्हणता?

आग्रोळी

या विषयावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय, थोडं सांगतो. १९७८ साली ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत लॉटरी लागलेले २२ जण आणि अपघातात अर्धांग किंवा सर्वांग लुळं पडलेले २९ जण यांच्या मुलाखती घेतल्या. लॉटरीवाले शेजारपाजारच्या इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. माणूस चांगल्या-वाईट सगळ्याला सरावतो, हा विचार तिथून लोकांपर्यंत पोचला. कळवेकरांचं म्हणणं त्याच जातीचं आहे आणि मला ते पटतं. भांडी फडताळात परत जातात.

पाचपाखाडी

@आग्रोळी, मग त्या २९ जणांचं पुढे काय झालं, तेही सांगा की.

आग्रोळी

रास्त प्रश्न. ते इतरांपेक्षा कमी सुखी होते. लोकांना वाटतं तितके दुःखी नव्हते, पण पहिल्यासारखेही झाले नव्हते. “दोघेही शेवटी सारखेच” असं जे सांगितलं जातं, ते त्या अभ्यासात नाही. माझ्या वाक्यातूनही तसंच ध्वनित झालं, ते दुरुस्त करतो.

शिवाय त्यांनी मोजलं ते सुख. आपण बोलतोय दृष्टीबद्दल, आणि ती वेगळी गोष्ट आहे. १९९० च्या दशकात टेडेस्की आणि कॅलहून या दोघांनी नेमका त्यावर विचार केला. मोठ्या आघातानंतर काही जणांना माणसं जवळची वाटू लागतात, आयुष्याची किंमत कळते, स्वतःची ताकद कळते, असं त्यांनी मांडलं आणि ते तपासायला २१ प्रश्नांची यादी केली. त्यांचं म्हणणं असं की हे आघाताने आपोआप होत नाही. आघातात जुन्या समजुती मोडतात, मग माणूस त्यांच्याशी झगडत राहतो, आणि त्या झगड्यातून ते येतं.

यात मला एकच अडचण दिसते. आपण बदललो की नाही, हे उत्तर देणारा स्वतःच सांगतो. कळवेकरांना आयसीयूतून बाहेर आल्यावर दुसऱ्या आठवड्यात विचारलं असतं तर त्यांनी २१ पैकी २१ ला होकार भरला असता.

देहूची_वाट

तुकोबांचं काय मग? १६३० चा दुष्काळ पडला, पहिली बायको अन्नावाचून गेली, पोर गेलं, दुकानाचं दिवाळं निघालं. त्यानंतर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली. तो घाला पडला नसता तर देहूचा एक वाणी सावकारी करत सुखाने म्हातारा झाला असता. याला तुम्ही भांडी किणकिणणं म्हणणार?

कळवेकर

@देहूची_वाट, नाही म्हणणार. पण तो दुष्काळ सगळ्या मुलखावर पडला होता. किती दुकानं बुडाली असतील, किती घरांत माणसं गेली असतील. त्यातून तुकोबा एकच झाले. दुष्काळानेच माणूस घडत असता तर गावोगाव तुकोबा दिसले असते. आणि कर्जखतं बुडवली तो एक दिवस. त्यानंतर भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसणं, मनन, कीर्तन, हे किती वर्षं चाललं! मी त्या वर्षांबद्दल बोलतोय.

घणसोली_से_९

मी कळवेकरांच्या बाजूची. माझ्या मिस्टरांना चार वर्षांपासून डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. मी बाहेर बाकावर बसते.

किडन्या गेल्याचं कळलं त्या दिवशी आम्ही फार मोठमोठ्या गोष्टी बोललो. आता भांडायचं नाही, प्रत्येक दिवस सोन्यासारखा जगायचा. पंधरा दिवसांत पाण्याच्या तांब्यावरून भांडलो, कारण त्यांना दिवसाला मोजूनच पाणी चालतं आणि ते चोरून प्यायचे.

हातात फिस्टुला केलेला आहे, म्हणजे मनगटाजवळ शीर आणि धमनी जोडलेली असते. ती चालू आहे ना, हे रोज बोट ठेवून बघावं लागतं. बोटाखाली थरथर लागते, मांजर मांडीवर गुरगुरतं तशी. आधी ते स्वतः बघायचे. एक दिवस मी बघितली, मग ते माझंच काम झालं. रोज सकाळी चहाच्या आधी. आमच्यातला राग कधी गेला ते सांगता येणार नाही, पण कुठून गेला ते सांगू शकते.

खाडीपलीकडचा

इतका वेळ वाचतोय. तुम्ही सगळे एका रात्रीबद्दल, नाहीतर रोजच्या एका कृतीबद्दल बोलताय. आमचा अनुभव दोन्हींत बसत नाही.

मी विमानतळात गेलेल्या दहा गावांपैकी एका गावचा. आगरी. नवी मुंबई वसवायला ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं तेव्हा माझा जन्मही नव्हता. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या, जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, त्या वेळी माझे वडील विशीत होते. ते त्याबद्दल फार बोलत नाहीत. मग विमानतळ आला. उलव्याचा डोंगर आमच्या डोळ्यांदेखत कापला गेला. एका दिवसात कापला असता तर कदाचित बोंब मारली असती. तो रोज थोडा जायचा. आधी भोंगा, मग सुरुंग, मग धूळ. काही महिन्यांनी भोंग्याकडे लक्ष जाणंही थांबलं.

गाव उठलं, आम्ही पुनर्वसनाच्या प्लॉटवर घर बांधलं. घर चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. पण वडिलांची अख्खी दृष्टीच खाडीवर बेतलेली होती. चंद्र बघून सांगायचे, आज उधाण (मोठी भरती), आज भांग (लहान भरती), बांध फुटेल का राहील. आजही रात्री गच्चीवर जातात, चंद्र बघतात आणि म्हणतात, “उधाणाचं पाणी आहे आज.” खाली डांबरी रस्ता आणि पार्क केलेल्या गाड्या.

२५ डिसेंबर २०२५ ला विमानं सुरू झाली. त्या दिवशी आम्ही सगळे गच्चीत होतो, पोरं टाळ्या वाजवत होती. वडिलांनी मला एकच विचारलं, “धावपट्टी आपल्या कोणत्या शेतावर आली?” मला सांगता आलं नाही.

आता तुम्हीच सांगा, ते बदलले की नाही बदलले? कळवेकर म्हणतात रोजचा दिवस माणसाला बदलतो. आमच्या वडिलांचा रोजचा दिवस वीस वर्षांत पुरता बदलला आणि ते बदलले नाहीत. मी मात्र बदललो, आणि मला कोणी विचारलंही नव्हतं. बदल स्वतः निवडून त्याचा डबा भरता येणं, ही सगळ्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट नाही.

घणसोली_से_९

@खाडीपलीकडचा, मी राहते ती जमीनही कोणाची तरी भातखाचरं होती. बाकावर बसल्या बसल्या तुमचं वाचलं आणि पहिल्यांदा तसा विचार आला.

पाचपाखाडी

@कळवेकर, एक गोष्ट रात्रभर मनात होती, स्पष्टच विचारते, राग मानू नका. तुम्ही सगळा हिशेब स्वतःचा मांडलात. मी रडलो, मी शपथ घेतली, मी सही केली नाही. तुमचा भाऊ रात्रभर फरशीवर बसला होता. त्या रात्रीने त्याचं काय झालं, ते कधी बघितलंत? पाय माझ्या मुलाचा गेला आणि बदलले मी. त्याच्यात तर मला फारसा फरक दिसत नाही, पूर्वीही हसरा होता, आताही आहे. धक्का एकाला बसतो आणि बदलतो दुसराच, असं होऊ शकतं ना?

कळवेकर

@खाडीपलीकडचा, तुम्ही जे मांडलंत त्याने माझं म्हणणं अपुरं ठरतं. मी माझ्या घरातल्या सोयीच्या कृतीवरून सिद्धान्त केला. तुमच्या वडिलांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

@पाचपाखाडी, ताई, राग नाही. तुमचं वाचल्यावर दोन दिवस इथे आलोच नाही. काल रविवार होता. डबा भरताना बायकोला विचारलं, भाऊ त्या रात्री काही बोलला होता का. ती गोळ्या काढत होती, थांबली. म्हणाली, “त्या रात्री काही नाही बोलला. पण दर महिन्याच्या १४ तारखेला फोन करतो. दादाचं बीपी किती, गोळी कुठली बदलली, चालायला जातो का. तुम्हाला सांगू नको म्हणाला होता.”

तीन वर्षं. मी सही नाकारली त्याच्या नंतरसुद्धा. वर्षाने एक गोळी बंद झाली, ते त्याला माझ्या सख्ख्या मित्रांच्या आधी माहीत होतं.

वारसनोंदीचा कागद अजून कपाटात आहे. मी त्याला फोन केलेला नाही. येत्या १४ ला बायकोचा फोन वाजेल तेव्हा मी घरात असेन, एवढं बघतोय.